मणका सांगायचं ठरलं

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर तासभर बसून राहिले. किल्ली काढली होती, पर्स खांद्याला होती, फक्त उठता येत नव्हतं. शिपायानं दोनदा विचारलं, "मॅडम, पंक्चर हाय का?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मी रडायला लागले. तो बिचारा खरोखरच चाकं दाबून बघू लागला.

मी सरकारी कचेरीत वीस वर्षं लिपिक आहे. त्या सकाळच्या आधीचे चार महिने धड झोप नव्हती, जेवणाला चव नव्हती. नवऱ्यानं मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "ॲडमिट व्हायची गरज नाही. पण महिन्यातून एकदा येऊन गोळ्या नेल्यानं भागणार नाही. सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, दहा ते एक यायचं. सगळ्यांबरोबर बसायचं, बोलायचं, आणि दुपारी घरी जायचं. येत्या सोळा तारखेपासून."

म्हणजे तयारीला नऊ दिवस होते. मला वाटलं, तयारी म्हणजे एक वही आणि पाण्याची बाटली. घरच्यांच्या लेखी तयारी म्हणजे लोकांना सांगायला आजार ठरवणं.

त्या संध्याकाळी बैठक बसली. सासूबाई, नणंद आणि नवरा. पेशंट असले तरी चहा मलाच करायचा होता, म्हणून मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते.

नणंद म्हणाली, "थायरॉइड सांगू या."

"थायरॉइडला रोज तीन तास कोण जातं?" नवरा म्हणाला.

सासूबाई मूळच्या वैरागकडच्या. त्यांनी निकाल दिला, "मणका सांगा. मणक्याला कुनी नावं ठिवत न्हाय. शेक घ्यायला जाती म्हनायचं."

"आणि खरं सांगितलं तर?" मी विचारलं.

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला उपचारांची किती गरज आहे हे त्यांना तेव्हाच पटलं असावं.

दोन दिवसांत माझा मणका गल्लीभर झाला. चार महिने माझा चेहरा पाहूनही कुणी काही विचारलं नव्हतं, आता दारात चपला मावेनात. एकीनं कमरेचा पट्टा आणला, एकीनं तेल. वेळापूरकडे कुणी हाडं बसवणारा आहे, त्याचा पत्ता तिघींनी दिला आणि तिन्ही पत्ते वेगळे निघाले. मी कण्हत बसायचं, कण्हत उठायचं. मन दुखत असताना कंबर दुखल्याचं सोंग करणं फार दमवणारं काम आहे. त्यात एकदा मी उजव्या बाजूला हात लावला आणि एकदा डाव्या. सासूबाईंनी नंतर स्वयंपाकघरात बोलावून बजावलं, "एक बाजू धर की!"

शुक्रवारी सकाळी पाणी आलं. सोलापुरात पाच दिवसांनी नळाला पाणी आलं की माणूस सगळे आजार विसरतो. मी दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन पायऱ्या चढत होते आणि समोर अक्का उभ्या होत्या. अक्का म्हणजे शेजारच्या. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, सासरे मागावर काम करायचे. पट्टा त्यांनीच दिला होता.

"मणका?" अक्कांनी विचारलं.

मी बादल्या खाली ठेवल्या. एवढ्या बायकांच्या देखत खोटं बोलले होते, पण त्या क्षणी एकही थाप सुचेना. "डोक्याचं आहे अक्का. म्हणजे मनाचं. सोमवारपासून रोज जायचंय."

अक्कांनी आजूबाजूला पाहिलं, मग एक बादली उचलली आणि माझ्या घरात येऊन बसल्या. म्हणाल्या, "आमच्या यांना झालं होतं. आम्ही किडनी सांगितली."

मला आठवलं. गल्लीनं त्या माणसाला दोन महिने अळणी आमटी पुरवली होती. मीही दिली होती.

"बरे झाले ना?" मी विचारलं.

"झाले की. त्या आमटीनं मात्र लई हाल झाले त्यांचे."

आम्ही दोघी हसलो. चार महिन्यांत मी पहिल्यांदाच हसले होते. सासूबाई आतून धावत आल्या, त्यांना वाटलं मी रडतेय.

त्याच दुपारी ऑफिसात मी मणक्यासाठी दिलेला रजेचा अर्ज बदलला आणि 'मानसिक आजारावरील उपचारासाठी' असं लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "मॅडम, नुसतं 'उपचारासाठी' लिहिलं तरी चालतं की."

"असू दे सर."

माझी एकही रजा त्यांनी आजवर शेरा मारल्याशिवाय सोडली नव्हती. ही त्यांनी उभ्या उभ्या मंजूर केली आणि मला दारापर्यंत सोडायला आले. जाताना माझ्या टेबलावरची कात्री मात्र शिपायाला उचलायला सांगितली.

सोमवारी सासूबाईंनी इस्त्रीची साडी काढून दिली. "चांगली नीस. तितल्यांना वाटाया नगं, आमी लक्ष देत न्हाय." डब्यात दहा जणांना पुरेल एवढी शेंगाचटणी होती.

नवऱ्यानं दवाखान्याच्या दारात सोडलं. "आत येऊ का?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता तो आत आला आणि हेल्मेट न काढताच बाकावर बसला. आतल्या खोलीत आम्ही आठजण गोलात बसलो. एका निवृत्त मास्तरांनी घसा खाकरून विचारलं, "तुमी लोकांना काय सांगून आलाय?"

एकानं पोटाचा अल्सर सांगितला होता, एकीनं शिवणक्लास. मी म्हणाले, "ऑफिसात खरंच सांगितलंय." सगळे माझ्याकडे वळले, आणि मला बोलावंच लागलं.

एक वाजता बाहेर आले तर नवरा तिथंच होता.

"काय म्हणाले?"

"उद्या या म्हणाले."

"जाशील?"

"जाईन," मी म्हणाले. आणि गेले.