दीडपट वेगाचे पेशंट

बोरिवली वेस्टला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तीन खाटा, मध्ये दोन पडदे, बाहेर एक बाकडं. इथे धुवायचे टॉवेल जितके साठतात तितकेच किस्से साठतात. कारण सोपं आहे. पेशंटला करंटचं मशीन लावलं की त्याला हलता येत नाही, आणि हलता न येणारा माणूस बोलतो! पूर्वी सुनांबद्दल बोलायचे. आता प्रत्येकाच्या कानात पॉडकास्ट आलाय, त्यामुळे प्रत्येक जण ज्ञानी झालाय. मला स्वतःला पॉडकास्टची भयंकर आवड आहे, म्हणून तर जास्त चीड येते.

*

मालाडच्या एका ऑफिसातली मुलगी आली. मान पार आखडलेली. वर मलाच विचारते, "मॅडम, मी तर मानेची काळजी कशी घ्यायची त्यावरचा पॉडकास्ट रोज ऐकते. मग असं कसं झालं?"

"ऐकतेस कशी ते दाखव."

तिने दाखवलं. एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात डबा आणि फोन कान नि खांदा यांच्यामध्ये दाबलेला!

"अगं, इअरफोन?"

"हरवले ना! म्हणून तर अशी ऐकते."

मान वाकडी करून ही बाई मान सरळ ठेवायचे फायदे ऐकत होती! त्यावर मला सांगते, "पण एपिसोड मस्त होता हां."

*

हेमा मावशी गोराईच्या. बाजारात मासळी विकतात, खांदा धरलाय. सगळ्या जगाला अरे-तुरे करतात. त्यांच्या नातीने त्यांना फोनवर अंतराळाचा पॉडकास्ट लावून दिला आणि मावशींना त्याचं वेडच लागलं.

एकदा मशीनचा टायमर वाजला म्हणून मी वायरी काढायला गेले, तर मावशींनी माझा हातच धरला.

"थांब गो! तारा मरतोय!"

"मावशी, बाहेर माणसं ताटकळलीत."

"बसू दे त्यांना. त्यांची कंबर उद्या पन दुखंल. ह्यो तारा परत मरनार हाय का?"

क्लिनिक माझं, मशीन माझं, आणि मीच वायरी हातात धरून तारा मरायची वाट बघत उभी! बाहेरून लोक हाका मारत होते. तारा काही लवकर मरेना.

*

सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते दळवींनी. इन्शुरन्स कंपनीतून रिटायर झालेले, गुडघ्याचे पेशंट. घरी व्यायाम नीट व्हावा म्हणून मी पेशंटना माझ्या आवाजात रेकॉर्डिंग करून पाठवते. पाय वर, धरून ठेवा, सावकाश एक, दोन, तीन... त्यासाठी घरचा पंखा बंद करून घामाघूम होऊन बसते मी!

महिनाभराने दळवी तक्रार घेऊन हजर. "मॅडम, काडीचा फरक नाही. तुमचा व्यायामच चुकीचा आहे."

म्हटलं, माझ्यासमोर करून दाखवा. त्यांनी फोन लावला. त्यातून माझाच आवाज आला, पण घाबरून पळत सुटल्यासारखा. पायवरधरूनठेवाएकदोनतीन! आणि दळवींचा पाय पंप मारल्यासारखा वरखाली.

"अहो, हे काय चाललंय?"

"मी सगळेच पॉडकास्ट दीडपट वेगात ऐकतो. वेळ वाचतो."

"हे पॉडकास्ट नाहीये! आणि वाचलेल्या वेळाचं करता काय?"

"आणखी पॉडकास्ट ऐकतो!"

*

आता सबनीस सरांचं सांगते. माझा खरा जीव अडकलाय तो त्यांच्यात.

सर शाळेत भूगोल शिकवायचे. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पाय हळूहळू परत आला, हातसुद्धा थोडा आला. आवाज काही येईना. बोलण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांच्या कानावर सतत बोलणं पडू दे. काकू त्यांना दहिसरहून रिक्षाने आणतात, त्यांच्या उशाशी बसतात.

"बोलून बोलून माझ्याकडचं संपलं गं," काकू एकदा म्हणाल्या. मग त्यांनी भूगोलाचे पॉडकास्ट शोधून काढले. नद्या, डोंगर, वारे. सरांच्या कानात इअरफोन टिकत नाही, म्हणून फोन उशीजवळ, आवाज अगदी बारीक. सर छताकडे बघत ऐकायचे आणि काकू सरांच्या ओठांकडे बघत बसायच्या.

"जन्मभर यांना म्हणत आले, ओरडू नका हो. आता वाटतं एकदा ओरडावं. माझ्यावर का होईना."

*

आणि या माणसांवर दळवी उखडले!

पलीकडच्या खाटेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, इअरफोन वापरा अशी पाटी तुम्हीच लावलीय ना? मग नियम सगळ्यांना सारखा नको? आणि त्यांना त्यातलं कळतं तरी का?"

पडदा तो केवढा, साध्या कापडाचा. काकूंनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. रिटायर झालेला, शिकलेला माणूस, आणि ही अक्कल!

तिसऱ्या खाटेवरून हेमा मावशी कडाडल्या. "तुज्या गुडघ्याला तरी काय कळतंय रं? इतकं ग्यान ऐकवतोस त्याला!"

मी त्याच संध्याकाळी पाटी काढून टाकली. काकूंना दोनदा सांगितलं की खुशाल लावा. पण त्यांनी पुन्हा फोन काही बाहेर काढला नाही. सर नुसतेच छताकडे बघत पडायचे. दळवींचा मला इतका राग आला होता की त्यांच्या गुडघ्याला शेकाची पिशवी मी जरा जोरातच ठेवत असे.

*

त्यानंतरची गोष्ट. तिन्ही खाटा भरलेल्या. मधल्या खाटेवर सर, एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला दळवी, गुडघ्याला वायरी लावून. दळवींना ऐकलेलं ज्ञान पचत नाही, ते सरांच्या डोक्यावरून मावशींना ऐकवत होते.

"मावशी, काल भूगोलाचा एक झकास एपिसोड ऐकला. ते कर्कवृत्त असतं ना, ते आपल्या महाराष्ट्रावरूनच जातं!"

"चूक."

आवाज जड होता, घोगरा होता. मला वाटलं, कुणाचा तरी फोन. काकूंकडे पाहिलं. पर्स मांडीवर बंदच होती आणि काकूंनी दोन्ही हातांनी ती घट्ट धरली होती.

"कोण बोललं?" दळवींनी पडद्याआडून विचारलं.

सरांची नजर छतावरून उतरून पडद्यावर आली होती. ओठ हलत होते, शब्द जुळवत होते.

"उभा... राहा."

आणि दळवी, वायरी लावलेल्या तशाच, खाटेवरून उतरून सरळ उभे राहिले. टायमर वाजला, तरी बसले नाहीत.