नानांच्या गॅरेजची फरशी

"गाडी मीच काढसू. बठ्ठा बाजूले व्हा."

एवढं बोलून नाना ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा. गॅरेजच्या दारात आम्ही चौघं उभे. मी, माझा भिका मिस्त्री, नानांचा मुलगा सुरेश आणि अक्का, म्हणजे सुरेशची आई. अक्कांनी पदर तोंडाला लावला होता. कारण नानांना दिसत नव्हतं. काचबिंदूने एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्याला नुसता उजेड-अंधार कळायचा.

"अहो नाना, मी ढकलून काढतो ना," मी म्हणालो.

"ढकलाले ती काय हातगाडी शे? माले नई दिसस, गाडीले दिसस."

आणि त्या माणसाने गाडी रिव्हर्समध्ये काढली. दाराच्या दोन्ही बाजूंना मिळून हातभर जागा असेल नसेल. काच खाली, कान बाहेर. भिंतीवरून इंजिनाचा आवाज कसा परत येतो ते ऐकत, इंच इंच मागे. आरसा घासला नाही की उंबरा लागला नाही. बाहेर येऊन हँडब्रेक ओढला आणि उतरून बॉनेटवर हात ठेवला. मी आयुष्यात पुष्कळ ड्रायव्हर पाहिले, तोंडाची वाफ दवडणारेच जास्त. असा नाही पाहिला.

मी फरशीवाला. मूळचा जळगावचा, धंदा धुळ्यात. तेव्हा गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ होते आणि आमच्याकडे इंटरलॉकिंग ब्लॉक नुकते आले होते. आता पेट्रोलपंपावर, देवळाच्या आवारात सगळीकडे दिसतात. तेव्हा लोक हातात घेऊन बघायचे आणि विचारायचे, "हे सिमेंटशिवाय बसतं? वेडा समजलास का?" तर बसतं. ब्लॉकच्या कडा नागमोडी असतात. एकाचा दात दुसऱ्याच्या खाचेत जातो. खाली वाळू, फटीत वाळू, कडेला काँक्रीटची पट्टी. वरून जेवढं वजन जाईल तेवढे ते एकमेकांना घट्ट धरतात.

सुरेश माझ्या यार्डात आला तेव्हाच मला खटकायला हवं होतं. सरकारी ऑफिसात क्लार्क, सभ्य माणूस. म्हणाला, वडलांच्या गॅरेजचा कोबा खचलाय, ब्लॉक बसवायचेत. बरोबर होतं. खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, वरचा कोबा फुटणारच. पण पार्टी आली की आधी रेट विचारते, मग रंग. याने पहिला प्रश्न वेगळाच विचारला.

"गॅरेज पूर्ण रिकामं करावं लागेल ना?"

"पूर्ण. आत एक सायकल नको."

"किती दिवस?"

"चार. फार तर पाच."

"वडलांना आठ सांगा."

मनात पाल चुकचुकली. पण ऑर्डर हातची कशाला घालवा, म्हणून मी माप घ्यायला निघालो.

तर गाडी बाहेर आली. सुरेश म्हणाला, "नाना, दोन गल्ल्या सोडून माझ्या मित्राची शेड आहे, तिथे ठेवतो. इथे धुळीत खराब होईल." सुरेशला गाडी येत नव्हती, म्हणून तो मित्रच घेऊन गेला. नाना आवाज पार नाहीसा होईपर्यंत रस्त्यात उभे होते. मग घरातून लाकडी खुर्ची आणवून दारात बसले आणि मला म्हणाले, "चाल भाऊ, कर सुरू."

ते बत्तीस वर्षं लाल बसवर ड्रायव्हर होते. धुळे-साक्री-पिंपळनेर, नाहीतर कोंडाईबारीचा घाट. एवढी वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली. रिटायर झाल्यावर आपली घेतली. जुनी, तिसऱ्या हाताची, पांढरी. अक्कांनी स्टिअरिंगला लाल मखमलीचं कव्हर शिवलं. त्या गाडीतून दोघं एकदा सप्तशृंगीला जाऊन आले, आणि वर्षाच्या आत डोळे गेले. तरी रोज सकाळी नाना आत बसायचे, इंजिन सुरू करायचे, पाच मिनिटांनी बंद करायचे. का, तर बॅटरी बसू नये.

आम्ही कोबा फोडला. फूटभर काळी माती उपसून टाकली. मुरूम भरला, पाणी मारलं, दाबला. नाना खुर्चीवरून प्रत्येक गोष्ट विचारायचे. मी साइटवर तोंडाचा फाटका. लेव्हल एक सूत चुकली, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तरी आकाशपाताळ एक करतो. पण या माणसाला समजावून सांगायला मजा यायची. ब्लॉक हातात घेऊन त्याच्या खाचांवरून ते बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "गियरना दात शेत हाई." आजवर इंटरलॉकिंग इतक्या लवकर कुणाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मागणी केली. मागच्या भिंतीपासून दोन हातांवर ब्लॉकची एक ओळ उभी बसवायची, तीन बोटं वर.

"कशाला नाना? चांगल्या लेव्हलमध्ये अडथळा."

"चाक त्याले टेकनं म्हंजे माले समजी. थांबाले बरं."

गाडी आत घ्यायची तयारी चालली होती त्यांची. मी कुरकुरलो, पण ओळ बसवली. तशी सुबक ओळ मी नंतर कुठे बसवली नाही.

तिसऱ्या दिवशी चाळलेल्या वाळूसाठी टेम्पो घेऊन साक्रीला गेलो. बाजाराचा दिवस. एका दुकानासमोर गर्दी दिसली. एक गाडी उभी होती, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. एक बाई ओवाळत होती, पोरं मागच्या सीटवर उड्या मारत होती. नवीन गाडीची पूजा. मी पुढे निघालोच होतो, तेवढ्यात आत लाल मखमली कव्हर दिसलं.

वाळू भरली की नाही तेही आठवत नाही. धुळ्याला आलो तो थेट सुरेशच्या ऑफिसात.

"गाडी विकलीत?"

तो मला जिन्याखाली घेऊन गेला. "हळू बोला."

"हळू काय हळू! तो माणूस तिथे चाक थांबायला ओळ बसवून घेतोय माझ्याकडून! आणि मला कळू न देता माझ्या कामाचा असा वापर?"

सुरेश रडायला लागला. चाळिशीचा माणूस, ऑफिसच्या जिन्याखाली. मग सगळं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी सकाळी घरात कुणाचं लक्ष नसताना नानांनी गाडी रस्त्यावर काढली होती. कोपऱ्यावर शाळेत जाणारी एक मुलगी सायकलवर. ती किंचाळली म्हणून नानांनी ब्रेक मारला. मुलगी पडली, गाडी तिच्यापासून वीतभर लांब थांबली. खरचटण्यावर भागलं.

"त्या दिवसापासून आईच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं, मी हातापाया पडलो. ऐकत नाहीत. बत्तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हेच पालुपद. चावी लपवली तर तीन दिवस जेवले नाहीत. मी काय करायला हवं होतं, सांगा."

त्याच्या जागी मी असतो तर मीही गाडी विकली असती.

"काम चालू आहे तोवर ते गाडी मागणार नाहीत," सुरेश म्हणाला. "तेवढ्यात कसं सांगायचं ते बघतो. तुम्ही फक्त दोन दिवस लांबवा."

साइटवर परतलो तर अक्का चहा घेऊन आल्या. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. नाना ऐकणार नाहीत इतक्या हळू म्हणाल्या, "भाऊ, त्यासले काही नका सांगू. मन्हा हात जोडेल शेत."

मी मान हलवली. मनाला बजावलं, आपण फरशीवाले, घरातल्या भानगडीत पडायचं नाही. आणि पाच दिवसांचं काम सात दिवसांवर नेलं. भिकाकडून त्याच फटींत तीच वाळू पुन्हा पुन्हा झाडून घेतली. तो माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा झाडू उचलायचा.

नाना मात्र रोज विचारायचे. मी आलो की पहिलं वाक्य तेच.

"भाऊ, त्या शेडकडथून येस ना तू? गाडी कशी शे?"

"चांगली आहे नाना. झाकून ठेवलीय."

"धूय ते नई पडनी ना?"

"नाही नाही. ताडपत्री आहे वर."

ताडपत्री! कुणी मागितलीही नव्हती, मी आपणहून घातली. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू. लेव्हलला एक सूत न सोडणारा मी, रोज त्या आंधळ्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलत होतो. मला स्वतःची शरम वाटायची. तरी बोलायचो.

सातव्या दिवशी सकाळी शेवटचा कॉम्पॅक्टर फिरवला. हे ब्लॉक ठोकून बसवणारं मशीन, धडधड करतं आणि हातांना दुपारपर्यंत मुंग्या येतात. ते बंद केल्यावर नाना चपला काढून आत आले. अनवाणी, भिंतीच्या कडेने, एकेका ओळीवरून. मध्येच थांबले.

"हाऊ ब्लॉक वर शे."

मी पट्टी लावली. अर्धा सूत. माझ्या नजरेला दिसला नव्हता. ठोकून बसवला. मग ते मागे गेले, उभ्या ओळीला पाय लागला तसे थांबले. हसले.

"बेस शे काम. आते गाडी लई ये."

सुरेश दारात होता. "नाना, उद्या आणतो. फरशी अजून ओली आहे," तो म्हणाला.

"सिमेंट नई ना हाई मा? मंग ओली कशी?"

सात दिवस मीच त्यांना शिकवलं होतं की यात सिमेंट नसतं. सुरेशने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

नाना त्या उभ्या ओळीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"ईकी टाकी ना?"

अक्का हुंदका देऊन आत गेल्या.

"माले त्याच दिनले समजनं," नाना म्हणाले. "दोस्तनी शेड डावीकडे. गाडी वयनी नई, सरळ गयी. मंग चौथा गियर पडना. दोन गल्ल्यासाठे चौथा गियर कोनी टाकस का?"

म्हणजे गाडी गेली त्या क्षणापासून त्यांना माहीत होतं. मला ओळ बसवायला सांगितली तेव्हाही, रोज सकाळी गाडीची चौकशी केली तेव्हाही. मग हे सगळं कशासाठी, असं माझ्या मनात आलं आणि ते त्यांना कळलं की काय कोण जाणे. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं.

"भाऊ, ह्या घरना शेत, त्यास्ना जीव तुटस, त्या बोलाव नईत. तू बाहेरना. तुले रोज इचारं, तू तरी खरं सांगशी म्हनीसन."

आजवर पार्ट्यांनी शिव्या दिल्या, काम पाडायला लावलं. त्यातलं काहीच असं लागलं नाही.

"नाना, चुकलं माझं," मी म्हणालो.

"'ईकू का' म्हनीसन माले इचारतात ते मी सोता दी देतू. ती पोर पडनी त्या दिनपशी माले बी झोप नई. पन मन्हा हातथून जाती ना ती." मग विचारलं, "दुसरा गियर अडकस तिना. हाई त्याले कोनी सांगं का?"

सुरेशला ते माहीतच नव्हतं. गाडी घेणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला मी साक्रीला गेलो. गाडी घेतलेला तो दुकानदार शोधून काढला. त्याला म्हटलं, दुसरा गियर जोर लावून टाकू नका. न्यूट्रलला एक श्वास थांबायचं, मग आपोआप पडतो. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, मी तर मेकॅनिककडे नेणार होतो." मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसून एक फेरी मारली. गियर पडला, अगदी लोण्यासारखा.

संध्याकाळी नानांकडे गेलो. ओट्यावर बसले होते. सगळं सांगितलं. कुणाला भेटलो, काय बोललो, गियर कसा पडला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले,

"खरं सांगी राहिना ना, भाऊ?"

"आईशप्पथ, नाना."

ते हो म्हणाले, पण मान काही हलली नाही. त्यांना पटलं की नाही ते मला आजतागायत कळलेलं नाही. पुढच्या वर्षी नाना गेले.

दोन पावसाळ्यांनंतर सुरेशकडे जाणं झालं. सवयीने गॅरेजमध्ये डोकावलो. खाली काळी माती असून एक ब्लॉक उचललेला नाही, एक फट उघडलेली नाही. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम. त्यावर एक चाक कधी फिरलं नाही. उभ्या ओळीवर अक्कांनी पापडाच्या पिठाचं पातेलं पालथं घातलं होतं.

आता कुणी गॅरेजची ऑर्डर घेऊन आलं की टेप काढायच्या आधी मी विचारतो, "गाडी परत येणार ना?" पार्टी हसते. हसू दे. घरात म्हातारं माणूस असेल तर हा प्रश्न मी त्याच्यासमोर जाऊन विचारतो, आणि उत्तर मिळाल्याशिवाय माप घेत नाही.