माझ्यासाठीची प्रार्थना

लोकांना वाटतं, मी गिटारच्या नादाने चर्च बदललं. वाटू दे. आमच्या भंडाऱ्याच्या चर्चमध्ये पाळकसाहेब दर रविवारी माझ्या लग्नासाठी प्रार्थना करायचे. विनंतीची चिठ्ठी आई द्यायची आणि सगळी मंडळी दणक्यात 'आमेन' म्हणायची. चार वर्षं मी ते मान खाली घालून ऐकलं. मग एका रविवारी मैत्रिणीसोबत जवळच्या शहापूरच्या, गिटारवर गाणी म्हणणाऱ्या चर्चमध्ये गेले. शेजारी बसलेल्या अनोळखी काकूंनी विचारलं, "देवाजवळ तुह्यासाठी काय मागू, पोरी?" हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. काकू माझा हात धरून थांबल्या. शेवटी मी म्हटलं, "मले लग्न नाही कराचं." काकूंनी काहून म्हणून विचारलं नाही. डोळे मिटून हळूच म्हणाल्या, "आमेन."