दीडशे नंबरची मेमरी

परातेजींनी मशीनवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"तापलं गा हे. आन् थे पाहा, पुन्हा तेच आलं."

स्क्रीनवर दोनच शब्द होते : पॅरिटी एरर. त्याखाली कर्सरसुद्धा नव्हता. दुपारचे दोन वाजले होते. मे महिना होता. विणकर सोसायटीच्या कार्यालयावर टिनाचे छप्पर होते आणि कूलरमधले पाणी अकरा वाजताच संपले होते. सकाळपासून संगणक सहा वेळा बंद पडला होता.

हा ऐंशीच्या दशकाच्या शेवटचा प्रसंग आहे. तेव्हा मी नागपुरात, धंतोलीतल्या एका छोट्या कंपनीत हार्डवेअर इंजिनिअर होतो. आम्ही असेंबल्ड कॉम्प्युटर तयार करून देत असू, म्हणजे कॅबिनेट एका ठिकाणचे, मदरबोर्ड दुसरीकडचा, मेमरी तिसरीकडची, आणि सगळे एकत्र चालेल याची हमी आमची. सोसायटी सक्करदऱ्याकडच्या विणकर वस्तीत होती. चारशेच्या वर माग तिच्याकडे नोंदलेले होते. सुशीलाबाई बारापात्रे या तिथल्या कारकून. माग नंबर, मालकाचे नाव आणि मागाला लागणारे सूत यांची यादी त्या वर्षानुवर्षे रजिस्टरमध्ये लिहीत आल्या होत्या. त्या वर्षी हातमाग खात्याने ती यादी कॉम्प्युटरवर छापून मागितली. शनिवारी खात्याचे साहेब स्वतः येऊन ती घेणार होते आणि त्याच वेळी कॉम्प्युटरचे उद्घाटनही करणार होते. यादीत जो माग नंबर असेल, त्यालाच सूत मिळणार होते. यादी सहा महिने बदलणार नव्हती.

त्या दिवशी गुरुवार होता.

मी कॅबिनेट उघडले. दोष काय आहे ते मला उघडण्याआधीच माहीत होते, पण ग्राहकासमोर स्क्रू काढावे लागतात.

त्या काळी मेमरी म्हणजे ढेकणासारख्या दिसणाऱ्या काळ्या चिप्स असत. या मशीनमध्ये त्या छत्तीस होत्या, नऊ-नऊच्या रांगांत. रांगेतल्या आठ चिप्स माहिती ठेवतात. नववी माहिती ठेवत नाही. ती फक्त आठांची बेरीज जुळते का ते पाहते. जुळली नाही तर मशीन जागच्या जागी थांबते. याला पॅरिटी म्हणतात. प्रत्येक चिपचा एक आकडाही असतो. प्रोसेसरने विचारल्यावर उत्तर द्यायला चिपला किती नॅनोसेकंद लागतात, तो हा आकडा. आमच्या मदरबोर्डला शंभरच्या चिप्स लागत होत्या. बसवलेल्या दीडशेच्या होत्या. आमच्या कार्यशाळेत एसी होता, तिथे त्या कशाबशा पुऱ्या पडल्या. टिनाखाली मात्र त्यांना उत्तर द्यायला उशीर होऊ लागला.

त्या तिथे कशा आल्या, हे सांगायला हवे. सोसायटीचा नियम होता की मालाची निवड विकणाऱ्यावर सोडायची नाही. सूत घ्यायचे तर खरेदी समितीचा माणूस स्वतः जातो, लड हातात घेतो, नंबर पाहतो. हाच नियम त्यांनी कॉम्प्युटरला लावला होता. मी खरेदीच्या यादीत लिहून दिले होते : "मेमरी चिप्स, छत्तीस नग, शंभरच्या किंवा त्याहून चांगल्या." समितीचे हेडाऊ मुंबईला गेले आणि दीडशेच्या घेऊन आले.

"परातेजी, या चिप्स हळू आहेत," मी म्हणालो. "शंभरच्या हव्या होत्या."

अध्यक्ष परातेजी साठीचे होते. सगळे आयुष्य मागावर गेले होते. त्यांनी हेडाऊंकडे पाहिले. हेडाऊ उठून उभे राहिले.

"काय बोलून राहिले साहेब तुमी? दुकानदारापाशी शंभर होतं, एकशे वीस होतं, दीडशे होतं. मी सगळ्यात बारीक घेतलं! ऐंशीचं तर त्यानं दाखवलंही नाही."

"बारीक?"

"मंग? चाळीस नंबरचं सूत जाडं, ऐंशीचं बारीक, शंभर-एकशे वीसचं त्याहून बारीक. जितका नंबर मोठा तितका माल भारी. हे बी आमाले शिकवता का?"

मी त्यांना सांगितले की इथे उलटे आहे. आकडा जितका लहान तितकी चिप जलद. ऐंशीची चिप मिळाली असती तर शंभरच्याहून चांगली ठरली असती.

हेडाऊ पुन्हा खाली बसले.

"असा कोनता धंदा आहे बाप्पा," परातेजी म्हणाले, "ज्याच्यात मोठा नंबर हलका असते?"

माझ्याकडे उत्तर होते, पण कामाचे नव्हते. चूक माझ्या वाक्यात होती. "त्याहून चांगल्या" हे शब्द मी विणकरांना लिहून दिले होते. शिवाय कार्यशाळेत चिप्स बसवताना मी त्यांच्यावरचा आकडा वाचला होता. आमचे मालक अभ्यंकर साहेब म्हणाले होते, "चालतंय ना? मग डिलिव्हरी द्या." मी डिलिव्हरी दिली होती.

नागपुरात शंभरच्या छत्तीस चिप्स एका वेळी मिळत नव्हत्या. मुंबईहून आणायला सोमवार उजाडला असता. पण एक सोपा उपाय होता. कॅबिनेटवर टर्बो नावाचे बटन होते. ते दाबून टर्बो बंद केला की मशीन निम्म्या वेगाने चालते. निम्म्या वेगात दीडशेची चिपही वेळेवर उत्तर देते. मी बटन दाबले. मशीन पुन्हा सुरू केले. ते चालू लागले आणि अर्धा तास चालत राहिले.

"झालं," मी म्हणालो.

परातेजी स्क्रीनकडे बघत नव्हते. ते कॅबिनेटकडे बघत होते.

"लाइट काहून गेली?"

टर्बो चालू असला की एक पिवळा दिवा लागतो. बंद केला की विझतो. मी तसे सांगितले.

"म्हणजे मशीन अर्धंच चालून राहिलं?"

"हळू चालतंय. पण बरोबर चालतंय."

"शनिवारी सायब येऊन राहिले. ठरावात लिहिलं आहे, वेगवान संगणक. लाइट गेलेलं मशीन दाखवू का त्याईले? उमरेडच्या सोसायटीवाल्यांच्या मशीनले टर्बोच नाही. आमी सगळीकडे सांगून बसलो की आमच्या मशीनले पिवळी लाइट हाये."

समितीचे तीन सदस्य हजर होते. बैठक तिथेच भरली. चहा आला. हेडाऊंनी सूचना मांडली की टर्बो चालू ठेवावा आणि मशीन बंद पडू नये याची व्यवस्था कंपनीने करावी. सूचना एकमताने मंजूर झाली. तिचे इतिवृत्तही लिहिले गेले.

मी अभ्यंकर साहेबांना फोन लावला.

"त्या बोर्डवर पॅरिटी बंद करायचा जम्पर आहे ना?" ते म्हणाले.

"आहे. पण साहेब, मग चूक झाली तर कळणारच नाही."

"आत्ता कळतंय, त्याचा त्यांना उपयोग होतोय का?"

"नाही."

"मग? ग्राहकाला मशीन चालू हवं आहे. चालू करून द्या."

जम्पर म्हणजे दोन पिनांवर बसणारी प्लास्टिकची टोपी. ती काढली की नववी चिप मोजणी करते, पण तिचे कोणी ऐकत नाही. मी टोपी काढली, टर्बो चालू केला. दिवा लागला. संध्याकाळपर्यंत मशीन एकदाही थांबले नाही. परातेजींनी माझ्यासाठी दुसऱ्यांदा चहा मागवला.

शुक्रवारी सकाळी यादी छापून झाली. दहाच्या सुमारास सुशीलाबाईंचा कंपनीत फोन आला.

"साहेब, जरा येता का? पाचशे बारा नंबरचा माग कोनाचा आहे, ते इचारायचं होतं."

सोसायटीत पाचशे नंबरच नव्हता. मी पोचलो तेव्हा त्यांच्यासमोर जुने रजिस्टर आणि छापील यादी शेजारी-शेजारी होती. पट्टी ठेवून त्या एकेक ओळ ताडून पाहत होत्या. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते.

"हे पाहा. वामन निखारे, माग नंबर एकशे बारा. यानं पाचशे बारा केलं. हा दोनशे दहाचा दोनशे पन्नास झाला. अकरा सापडले आतापर्यंत. वामनच्या घरी चार मानसं त्या एका मागावर हायेत, साहेब. नंबर चुकला तर सूत कोनाले जाईन?"

"कोणालाच नाही."

"हेच म्हनते मी."

मी यादी पुन्हा छापायला घेतली. दुसऱ्या यादीत वामन निखारे बरोबर आले आणि भलतेच नऊ जण चुकले. एखादी चिप उत्तर द्यायला क्षणभर चुकली की एकाचा पाच होतो, शून्याचा चार होतो. कोणत्या ओळीत होईल ते सांगता येत नाही. आणि हे सांगणाऱ्या चिपचे तोंड मी आदल्या दिवशी बंद केले होते.

सुशीलाबाईंना मी सगळे सांगितले.

"म्हणजे थांबत होतं तेव्हा ते खरं सांगत होतं?"

"हो."

"मंग थांबू द्या नं त्याले. आमाले काय घाई हाये?"

"परातेजींना दिवा हवा आहे."

"त्याईले दिवा पाहिजे नं? मंग दिवा द्या."

हा तांत्रिक सल्ला मला इंजिनिअरिंग कॉलेजात कोणी दिला नव्हता. मी कॅबिनेट उघडले. पॅरिटीची टोपी परत बसवली. टर्बो बंद केला. मग पिवळ्या दिव्याची वायर टर्बोच्या पिनांवरून काढली आणि मशीन चालू असल्याचा हिरवा दिवा जिथे जोडला होता, तिथे जोडली. आता मशीन चालू असेपर्यंत दोन्ही दिवे लागणार होते. बटनाची वायर आतूनच सोडवून ठेवली, म्हणजे कोणी कितीही दाबले तरी वेग बदलणार नव्हता.

डिस्कवरच्या माहितीचाही भरवसा उरला नव्हता. गुरुवारी सकाळी, सगळे थंड असताना माहितीची नक्कल काढलेली फ्लॉपी सुशीलाबाईंच्या कपाटात होती. ती वापरली. यादी नंबरवार लावायला मशीनला चौदा मिनिटे लागली. टर्बोवर सात लागली असती. छपाईला दोन तास लागले. टर्बोवरही दोनच तास लागले असते, कारण प्रिंटरला टर्बो लागू नव्हता. त्या दोन तासांत मशीन एकदाही थांबले नाही. सुशीलाबाईंनी शेवटची ओळ ताडून पट्टी बाजूला ठेवली तेव्हा साडेचार वाजले होते. चूक एकही नव्हती.

शनिवारी साहेब आले. हार झाले. परातेजींनी त्यांना कॉम्प्युटरपाशी नेले आणि बोट दाखवले.

"हे टर्बो, साहेब. लाइट पाहा."

साहेबांनी लाइट पाहिली. "स्पीड चांगला दिसतो," ते म्हणाले. त्यांनी यादी घेतली, पहिले पान उलटले, आणि आता हातमागाचे दिवस पालटणार असे पाच मिनिटे सांगितले. सूत पुढच्या महिन्यात आले. नोंदलेल्या प्रत्येक मागाला मिळाले. एकशे बारा नंबरलाही.

सर्व्हिस रिपोर्टमध्ये मी लिहिले : "टर्बो लाइटची जोडणी तपासली. मशीन समाधानकारक." अभ्यंकर साहेबांनी तो न वाचता फाइल केला.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे दुसऱ्या कामासाठी शंभरच्या चिप्स आल्या. मी मनावर घेतले, सोसायटीत जाऊन छत्तीसच्या छत्तीस बदलल्या, बटन आणि दिवा यांच्या वायरी जागच्या जागी लावल्या आणि टर्बो खरोखर चालू केला. मशीन आता दुप्पट वेगाने चालत होते. परातेजींनी थोडा वेळ समोर बसून पाहिले.

"ठीक हाये," ते म्हणाले. "पन पहिले जास्त फास्ट होतं."

तेव्हापासून ऑर्डर लिहून देताना मी "किंवा त्याहून चांगले" असे लिहीत नाही. आकडा लिहितो आणि आकडा लहान हवा की मोठा, ते पूर्ण वाक्यात लिहितो. ग्राहकाला वेग हवा आहे की दिवा, हे विचारायला मात्र ऑर्डर फॉर्मवर अजून जागा केलेली नाही.