ज्योतीरामांनी पास केलेलं पिठलं

ज्योतीराम मस्के रिटायर झाले तेव्हा कंपनीने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांच्या अंगातलं क्वालिटी डिपार्टमेंट काढून घ्यायचं तेवढं राहून गेलं. चाकणच्या त्या कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग बनायचे आणि ज्योतीरामांनी तपासल्याशिवाय एकही भाग गेटबाहेर पडायचा नाही. मापात किंचित उणा, पण कामाला चालेल असा भाग कारण लिहून, सही करून सोडायची कारखान्यात एक सोय असते. तिला डेव्हिएशन म्हणतात. ज्योतीरामांनी उभ्या नोकरीत अशी सही कधी केली नाही. "डेव्हिएशन म्हणजे आळसावर मारलेला शिक्का," असं ते पोरांना सुनवायचे आणि पोरं माघारी त्यांना 'रिजेक्ट मस्के' म्हणायची.

असा माणूस मोशीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मोकळा सुटला म्हणजे काय होणार? आधी त्यांनी सोसायटीची लिफ्ट तपासली. मग दूधवाल्याचं माप. मग शेजारच्या जयदीपच्या कुंड्या एका ओळीत आहेत की नाही ते. घरातल्या डब्यांना लेबलं लागली. तीस-पस्तीस वर्षं डोळे मिटून हळदीच्या डब्यात हात घालणाऱ्या बायकोला आता डब्यावर 'हळद' वाचावं लागू लागलं.

"माझ्या कपाळावरही 'बायको' असं एक चिकटवा," विजयश्रीबाई म्हणाल्या, "उगाच चुकायला नको."

आणि मग त्यांची नजर बायकोच्या ब्लॉगवर गेली.

लेक लग्न होऊन बेंगळुरूला गेल्यावर बाईंनी 'काकूची चूल' हा ब्लॉग सुरू केला होता, खास एकट्या राहणाऱ्या पोरांसाठी. मोशी, चिखली, चाकण, जिकडे जाल तिकडे बीड-लातूर-धाराशिवकडची पोरं. एका खोलीत चौघंपाचजण, एक गॅस आणि खाणावळीला विटलेली जीभ. बाई त्यांच्याशी समोर बसल्यासारख्या बोलायच्या. पिठल्यावरचा लेख असा होता: "शिफ्ट करून आलास ना? आधी पाय धू. मोबाईल बाजूला ठेव. पिठलं ढवळायला एक हात सतत लागतो आणि तुझा नेमका तोच हात दुसरीकडे अडकलेला असतो, म्हणून गाठी होतात. झाल्या तर रडू नको. माझ्या पहिल्या पिठल्यातही झाल्या होत्या, आणि तुझ्या काकांनी त्या मोजल्या होत्या." खाली घरचा पत्ता, आणि "एवढं सांगून जमलं नाही तर रविवारी ये, समोर करून दाखवते."

ज्योतीरामांना हे लिखाण मनापासून आवडायचं. आपली बायको इतकं झकास लिहिते आणि जगाला त्याचा पत्ता नाही, याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं. पण कौतुक कसं करतात हे त्यांना कधी जमलंच नाही. त्यांना फक्त तपासता यायचं.

त्यात आयटीवाला जयदीप बोलून गेला, "काका, गुगलवर पहिल्या पानात आला नाही तर ब्लॉग असून नसल्यासारखा." त्याने लॅपटॉपवर एआयचं एक टूल घालून दिलं. लेख त्यात टाकायचा, ते शंभरपैकी मार्क देणार. लाल म्हणजे नापास, हिरवं म्हणजे पास. म्हणाल तर लेख सुधारूनही देणार. मार्क, आणि वर लाल-हिरवा दिवा! ज्योतीरामांना नोकरी परत लागल्यासारखं वाटलं.

पिठल्याला एकवीस मार्क पडले.

"अगं, हे रिजेक्ट आहे," ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले.

"काय रिजेक्ट आहे?"

"पिठलं. लेखात पिठलं हा शब्द फार कमी वेळा आलाय. आणि पाय धुण्याचा पिठल्याशी काही संबंध नाही, असं हे म्हणतंय."

"त्याला पाय आहेत का?" बाईंनी विचारलं.

पण ज्योतीराम ऐकणाऱ्यातले नव्हते. टूलने लेख सुधारला. "पिठलं म्हणजे काय? पिठलं हा महाराष्ट्रातील एक लोकप्रिय पदार्थ आहे. आजच्या धकाधकीच्या जीवनात पिठलं का महत्त्वाचं आहे? चला तर मग, पिठल्याच्या या चविष्ट प्रवासाला निघूया!" प्रवास इतका लांबला की बेसन येईपर्यंत वाचणाऱ्याची भूक दोनदा लागून मरून गेली असती. पत्ता 'अनावश्यक माहिती' म्हणून उडाला. मार्क मात्र चौऱ्याण्णव! ज्योतीरामांनी तो लेख छापून फाईलला लावला.

मग बाई जे लिहितील त्याची छापील प्रत लाल पेनाने रंगून परत येऊ लागली. कढीवर शेरा आला: 'भावना जास्त, कीवर्ड कमी.' तो वाचून बाईंनी लॅपटॉप नवऱ्यापुढे ठेवला.

"पासवर्डला लेबल लावलंय," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही आणि ते मिळून शिकवा पोरांना स्वयंपाक. तसंही माझं कोण वाचतंय?"

त्या दिवसापासून त्यांनी एक ओळ लिहिली नाही. ब्लॉगवर जुन्या लेखांच्या जागी ज्योतीरामांनी टूलने सुधारलेले लेख चढवले. दुपारी टीव्ही लावून बसायच्या, पण बघायच्या खिडकीबाहेर. पूर्वी टाइप करताना त्या स्वतःशीच हसायच्या. ते हसू बंद झालं आणि घर एकदम ओकंबोकं वाटायला लागलं. आपल्या हातून काहीतरी बिघडलंय एवढं त्यांना कळलं, आणि बिघडलेलं दुरुस्त करायला ते पुन्हा त्या टूलकडेच गेले.

त्यांनी हुकूम सोडला: "लेखिकेची ओळख लिही. भरपूर आदर दिसला पाहिजे. फोटोला आपली पारंपरिक सजावट कर."

टूलने फोटोला झेंडूचा टपोरा हार घातला. दोन्ही बाजूंना समया लावल्या. खाली लिहिलं: "विजयश्री यांनी आयुष्यभर चुलीवर माया शिजवली. त्यांच्या हातची चव आजही असंख्य घरांत जिवंत आहे. त्यांचा हा अनमोल वारसा पुढे नेणं हीच आमची प्रेरणा." मार्क अठ्ठ्याण्णव. वाचून ज्योतीरामांचेच डोळे पाणावले. हेच तर त्यांना इतकी वर्षं म्हणायचं होतं! त्यांनी ते ब्लॉगच्या पहिल्या पानावर टाकून दिलं आणि बायको कधीतरी बघेल म्हणून वाट पाहत राहिले.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात चार तरणीताठी पोरं, माना खाली. एकाच्या हातात फडक्यात बांधलेला डबा. पुढच्याने ज्योतीरामांचे दोन्ही हात धरले.

"काका, मी नवनाथ. अंबाजोगाईचा. लई वाईट झालं ओ. आमाला काही पत्ताच नाही."

ज्योतीरामांच्या डोक्यात ब्लॉगशिवाय दुसरा विषय नव्हता. त्यांना वाटलं, मार्क घसरले. "काय सांगतोस? काल तर अठ्ठ्याण्णव होते!"

"अठ्ठ्याण्णव?" नवनाथ चाचरला. "काकूंचं वय एवढं होतं?"

"काका, तुमी बसा आधी," डबेवाला पुढे झाला. तो चाकणजवळच्या गावचा ऋतिक. "घरात चूल पेटली नसंल म्हून कडू घास आणलाय. पिठलं-भाकरी हाय. दोन घास खाऊन घ्या."

ज्याच्या घरी माणूस गेलं त्याच्या घरी शेजारपाजारचे जेवण घेऊन जातात, तो कडू घास. तो आपल्याच दारात का आलाय हे ज्योतीरामांना उमगेना. तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण आहे हो?" आणि कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन विजयश्रीबाई बाहेर आल्या.

ऋतिक डब्यासकट लिफ्टपर्यंत मागे गेला. एकाने रामराम घातला, कोणाला ते त्यालाही कळलं नसावं. नवनाथने मोबाईल पुढे केला. बाईंनी हार घातलेला आपला फोटो बघितला, समया बघितल्या, खालचा मजकूर दोनदा वाचला.

"झेंडू मला आवडत नाही," त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला अजून माहीत नाही?"

ज्योतीराम दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"नवीन लेख बंद झालं, बोलणं बदललं, आन् मग हार," नवनाथ सांगत होता. "आमाला दुसरं काय वाटणार? पत्ता जुन्या लेखातून घेतला. आमी सगळे जुने लेख मोबाईलमध्ये ठेवलेत, काकू. नव्यात बेसन कुठं घालायचं तेच सापडंना."

बाईंची नजर ऋतिकच्या हातातल्या डब्याकडे गेली. मग म्हणाल्या, "पिठलं कुणी केलं?"

"मी. तुमचं बघून," नवनाथ म्हणाला.

त्यांनी डबा मागून घेतला, तिथेच बैठक मारली आणि स्वतःच्या नावाचा कडू घास स्वतः खाल्ला.

"मीठ कमी आहे. आणि गाठी बघ किती! ढवळलं नाहीस ना?"

"ढवळत होतो, काकू," नवनाथ खाली बघून म्हणाला. "पण डोळे पुसायचे तर दुसरा हात पिठाने भरलेला. मग ढवळायचाच हात डोळ्यांना लावावा लागला."

बाईंचा घास तोंडातच राहिला. पदर डोळ्यांना लावून त्या रडल्या, मग रडता रडता हसायला लागल्या. कितीतरी दिवसांनी घरात तो आवाज आला. डब्यातलं पिठलं गाठींसकट त्यांनी संपवलं.

पोरांना चहा ठेवून त्यांनी लॅपटॉप ओढला. "मी मेलेले नाही," पहिलीच ओळ होती. "फोटोला हार घातला तो तुमच्या काकांनी, प्रेमाने. त्यांना माफ करा, मी विचार करतेय. आणि नवनाथ, आधी डोळे पुसायचे, मग गॅस लावायचा."

सवयीप्रमाणे ज्योतीरामांनी लेख टूलमध्ये टाकला. नऊ मार्क. पडदा लालभडक. त्यांनी छापील प्रत काढली, खिशातलं पेन काढलं, आणि पोरं चहाचे कप तसेच धरून बघत राहिली. ज्योतीरामांनी लिहिलं: 'डेव्हिएशनवर पास.' खाली सही केली, तारीख घातली. कारण लिहिल्याशिवाय डेव्हिएशन देता येत नाही, म्हणून थोडा विचार करून कारणही लिहिलं:

'माल असाच हवा.'