काळी छत्री आत चालत नाही

गेल्या वर्षी ऐन आषाढात मोठ्या साहेबांना रत्नागिरीत महिलाशक्तीचं दर्शन घ्यावंसं वाटलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या मनात आल्यावर आम्हाला सवड आहे का, हे विचारणं बरं दिसलं नसतं. बचत गटाची अध्यक्ष मी, म्हणून आदल्या संध्याकाळी निरोप माझ्या मोबाइलवर आला. सगळ्या महिला, गुलाबी साड्या, एसटी गावात येईल, दुपारच्या आत परत. खाली प्रेमाने लिहिलं होतं, न येणाऱ्यांच्या योजनेचा विचार करावा लागेल.

माझ्या धाकट्या जावेची नेमकी त्याच दिवशी भातलावणी. नवरा मुंबईला, शेत तिच्या एकटीच्या जिवावर. ठरल्याप्रमाणे टिलरवाला पहाटे चिखल करून गेला. आमच्या कातळाकडच्या जमिनीतलं पाणी लगेच ओसरतं. चिखल बसला की रोपं रोवता येत नाहीत, आणि टिलर पुन्हा कधी मिळेल याचा नेम नाही. उपटलेली रोपं बांधावर ठेवून ती आमच्याबरोबर बसमध्ये चढली.

मंडपाच्या दारात पोलिसांनी छत्र्या काढून घेतल्या. काळं काही आत न्यायचं नाही. कोणी निषेध म्हणून फडकवलं तर साहेबांच्या मनाला लागतं. जावेने गळ्याला हात लावून विचारलं, "दादा, मणीपण काळेच आहेत. काढू?" तो खरंच वरिष्ठांना विचारायला निघाला होता. मीच थांबवलं.

आत एका गटाला एक रांग. एक कार्यकर्ता, पेटीत आंबे भरताना मोजतात तशी, डोकी मोजत फिरत होता. दुपार झाली तरी साहेब यायचेच होते. पावसाने जोर धरला. स्टेजवर पत्रा होता, आमच्यावर नुसतं कापड.

"ताई, चिखल बसला असेल गो माझा," जाऊ म्हणाली.

मी उठले, तसा गट उठला. दारावरचा कार्यकर्ता आडवा आला. "साहेब बोलल्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही."

"भिजतोय आम्ही. छत्र्या द्या."

"काळी छत्री आत चालत नाही."

"मग बाहेर जाऊन उघडतो."

नियम त्यांचाच होता. तो कोणाला तरी फोन लावू लागला, तोवर ढिगातून हाताला लागल्या त्या छत्र्या घेऊन आम्ही बसपाशी पोचलो. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून पडला होता.

"संपली सभा?"

"आमची संपली."

"बरं झालं," म्हणून त्याने गाडी चालू केली.

गुलाबी साड्या वर खोचून सगळ्या थेट शेतात उतरल्या. पाऊस तरी वेळेवर आला होता, म्हणून चिखल अजून मऊ होता. शेवटची जुडी लावून होते न होते, तोच मोबाइल वाजला. भर पावसात जागच्या न हललेल्या महिलांचे साहेबांनी आभार मानले होते. मी जावेला वाचून दाखवलं.

ती पाटाच्या पाण्यात हात धूत म्हणाली, "रांगेत लावायची एवढी हौस असली तर इकडं या म्हणावं, पुढल्या लावणीला."