दुसऱ्या मशीनची तब्येत

गोकुळ तसा संशयी माणूस. घरातून निघताना कुलूप दोनदा ओढून बघणार, अर्ध्या जिन्यातून गॅस बघायला परत येणार. छावणीजवळच्या ज्या खासगी हॉस्पिटलात तो कॉम्प्युटरचं बघतो, तिथंही त्याच्या या स्वभावाची यथेच्छ चेष्टा चाले. सर्व्हरवर कुठलंही अपडेट टाकायचं म्हटलं की आधी तब्येत तपासल्याशिवाय गडी हात लावत नसे. डिस्क धड आहेत का, मेमरी पुरेल का, बॅकअप ताजा आहे का. मोनिका सिस्टर म्हणायची, "गोकुळभाऊ, आमच्या पेशंटची बी एवढी तपासणी होत नाय." अशा माणसाच्या हातून हे व्हावं!

सर्व्हर-रूममध्ये मशिनं दोनच. पण प्रत्येकाच्या पोटात बिलांचा, औषधांचा, तपासण्यांचा असे कितीतरी सर्व्हर भाडेकरूंसारखे नांदत होते. सोय अशी, की एका मशीनमधले भाडेकरू चालू कामासकट दुसऱ्यात हलवता येत; जुन्या जागी मागे काही उरत नसे. पहिलं रिकामं करायचं, त्याची डागडुजी करायची, आणि पेशंटांना पत्ताही लागू द्यायचा नाही.

यातला एक भाडेकरू गोकुळने स्वतः आणून बसवलेला होता. त्याचा थोरला भाऊ पुंडलिक लासूर स्टेशनच्या मोंढ्यात लिलाव पुकारायचा. कांद्याच्या ढिगाशेजारी उभा राहून त्याने बोली फोडली की रेल्वे फाटकावरची माणसं वळून बघत. तंबाखूने त्याचा घसा धरला आणि स्वरयंत्र काढायची पाळी आली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गोकुळने त्याला एका खोलीत बसवलं आणि त्याचा आवाज रेकॉर्ड केला. पुंडलिक आधी लाजला, मग जो सुटला तो थांबेना. कांद्याची बोली झाली, बैलांना घातलेल्या शिव्या झाल्या, बायकोला मारायच्या हाका झाल्या. शेवटी लेकीसाठी, राजनंदिनीसाठी, तो चार शब्द बोलला. म्हणाला, "हे आत्ता कुणाला ऐकवू नको. पोरीच्या लग्नात लाव."

पुढं तसल्या इतर पेशंटांचेही आवाज गोकुळ त्याच सर्व्हरवर जपायला लागला. हॉस्पिटलने ना हरकत घेतली ना परवानगी दिली. सगळंच उपरं, त्यामुळे बॅकअपमध्ये ते कधी आलंच नाही. वहिनी, म्हणजे कडूबाई, मागे लागायची, "माझ्या मोबाईलात टाका की, भाऊजी." गोकुळ म्हणायचा, "मोबाईल फुटतो वहिनी, हरवतो. मशीनमध्ये लई जपून हाय." त्याचा खरोखरच तसा विश्वास होता.

यंदा तुळशीच्या लग्नानंतरची राजनंदिनीच्या लग्नाची तारीख धरली होती. त्याआधी खंडेनवमी आली. मोठ्या डॉक्टरांचा दंडक असा, की त्या दिवशी हत्यारं पुजायची आणि पुजलेल्या हत्याराला कामाला लावायचं नाही. हॉस्पिटल तर बंद ठेवता येत नाही. म्हणून दरसाल गोकुळ सगळे भाडेकरू दुसऱ्या मशीनवर हलवायचा, पहिलं बंद करायचा, आणि डॉक्टर त्या गार मशीनला हळदकुंकू लावून बाहेर पायरीवर नारळ फोडायचे. सगळे खूश. यंदा सुरक्षेचं एक अपडेट तुंबलं होतं. मशीन रिकामं होणारच आहे, तर पूजा उरकली की लगोलग तेही टाकून घेऊ, असा हिशोब त्याने केला.

पहिलं मशीन त्याने नखशिखान्त तपासलं. खोटच नव्हती. दुसऱ्यावर अपडेट टाकायचंच नव्हतं, म्हणून त्याची तब्येत बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. शेतकऱ्याच्या पोराने हे विसरावं? जोडीतला एक बैल सोडला तर खूर बघायचे ते एकट्याने ओढणाऱ्याचे! दुसऱ्या मशीनची एक डिस्क रात्रीतून मेली होती आणि तोंडावर पिवळा दिवा लागला होता. पण सकाळीच मोनिकाने हौसेने दोन्ही मशिनांना झेंडूच्या घसघशीत माळा घातल्या होत्या. दिवा माळेखाली गेला.

एक डिस्क गेली तर बाकीच्या तोल सांभाळतात. आणखी एक गेली की सगळंच बुडतं. दुप्पट ओझं पडलं आणि डॉक्टर नारळ फोडून आत येताहेत तोवर दुसरीनेही मान टाकली. केस पेपरच्या खिडकीवर गलका झाला. गोकुळने पहिलं मशीन उठवलं, बॅकअप उतरवला, घामाने निथळत एकेक सर्व्हर उभा केला. संध्याकाळपर्यंत बिलं निघायला लागली, रिपोर्ट दिसायला लागले.

"शाब्बास!" डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "काही म्हणता काही गेलं नाही."

कुणीतरी आपल्या थोबाडीत मारावी, असं गोकुळला त्या क्षणी मनापासून वाटलं. पण रागावणार कोण? जे गेलं, ते कुणाच्या खिजगणतीतच नव्हतं. त्या मेलेल्या डिस्क घेऊन तो औरंगपुऱ्यातल्या एका डेटा काढून देणाऱ्याकडे गेला. त्याने चार दिवस ठेवून घेतल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिल्या. "भाई, इसमें कुछ नहीं बचा." बाकीच्या पेशंटांच्या घरच्यांनी अजून विचारलेलं नाही. विचारतील तेव्हा काय सांगायचं, हेही गोकुळला ठाऊक नाही.

रविवारी तो लासूर स्टेशनला गेला. ओसरीवर लग्नाचे गहू निवडायचं चाललं होतं. त्याने काही लपवलं नाही. "दादा, तुझा आवाज माझ्या हातनं गेला," एवढं बोलला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. पुंडलिकचे ओठ हलले. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा सुटली. गोकुळला त्यातलं अक्षर कळेना. त्याचे ओठ वाचायचे कडूबाईनेच.

"ते म्हणतेत, जाऊ दे, रडू नको," ती म्हणाली. जराशाने तिने सूप खाली ठेवलं. "म्हणतेत, तू तर माझा आवाज ऐकलाय ना? तूच करून दाखव. पोरीला तेवढं तरी."

गोकुळने डोळे पुसले, घसा खाकरला. कांद्याची ती बोली त्याला तोंडपाठ होती. पूर्ण ताकदीने त्याने ती पुकारली. शब्द सगळे बरोबर आले. आवाज त्याचा स्वतःचाच आला, पातळ आणि चिरका. पुंडलिकने मान फिरवली.

"असा नव्हता," कडूबाई म्हणाली. मग डोळे मिटून कितीतरी वेळ आठवत बसली. "मला बी नीट आठवंना, भाऊजी. पण असा नव्हता."